कॅन्टीनमधला अर्धा तास

लिहायचा मला काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शेवटच्या सहामाहीत प्रकल्पासाठी खराडीच्या एका कंपनीत बसलो, एवढाच माझा अनुभव. चुकलं तर माफ करा. पण तो राग अजून गेलेला नाही.

लोणी काळभोरहून मी रोज दोन बस बदलून जायचो. कंपनीने ‘प्रकल्प पूर्ण’ असं पत्र दिलं तरच पास होणार होतो. माझं काम त्यांना आवडलं तर तिथेच नोकरीही मिळणार होती. यवतमाळकडून वडील दर रविवारी फोनवर एकच विचारायचे, “ठेवून घेते का रे कंपनी तुले?”

टीममध्ये सहा जण आणि मी. सर्व्हरवर सगळ्यांचं लॉगिन एकच. एक वाजला की मला खाली कॅन्टीनमध्ये जागा धरायला पाठवत. सहा खुर्च्यांवर रुमाल, डबे, हेल्मेट ठेवून मी उभा राहायचो आणि ताट घेऊन ताटकळलेल्यांची बोलणी खायचो. हे लोक सव्वाला उतरत.

एका मंगळवारी परदेशी ग्राहकाची सेवा कोणीतरी बंद केली. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवतो त्या नोंदीत, वेळ होती सात बेचाळीस. टीमच्या लीड सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

“सर्व्हर ग्रीनिचची वेळ लिहितो. पाच तास मिळवा, बारा बेचाळीस. आम्ही एकपर्यंत मीटिंगमध्ये. जागेवर कोण होतं?”

“मी होतो, सर. पण मी काही...”

“छे, आपण कशाला कराल! सर्व्हरलाच झोप आली असेल.”

शेजारी बसणारा म्हणाला, “यांच्या कॉलेजात बंद करण्यापर्यंतच शिकवतात वाटतं.” सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी लवकर गेलो. सर्व्हरवर नुसतं लॉगिन केलं आणि लगेच लॉग उघडला. माझी नोंद तीन दहाची, भिंतीवरचं घड्याळ आठ चाळीस. पुन्हा करून पाहिलं. फरक साडेपाच तासांचाच. सरांनी वरचा अर्धा तास धरलाच नव्हता. सेवा बंद झाली ती एक वाजून बारा मिनिटांनी.

सगळे आल्यावर मी दोन्ही वेळा लिहिलेली वही सरांपुढे केली.

“अर्धा तास इकडेतिकडे. त्यात काय एवढं?”

“एक बाराला मी खाली होतो, सर. खुर्च्या धरून. तुम्ही सगळे वर होतात.”

सरांनी वही मिटली.

“म्हणजे आमच्यातल्या कोणीतरी केलं?”

“लॉगिन एकच आहे, त्यामुळे कोणी ते नाही सांगता येणार. पण मी नव्हतो.”

“हुशार आहात. मग इथे वेळ कशाला घालवताय? उद्यापासून येऊ नका. पत्र पाठवू कॉलेजला.”

एक वाजता मी कुठे असतो, हे सहाही जणांना ठाऊक होतं. माझ्यामुळे त्यांना रोज बसून जेवायला मिळत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचा प्रयत्न केला, जमला नाही.

पत्र येईना. वडिलांना मी दर रविवारी “अजून काही कळलं नाही” एवढंच सांगायचो. निकालाच्या आठवडाभर आधी प्रकल्प बघणाऱ्या मॅडमचा फोन आला.

“पत्र आलं रे. ‘प्रकल्प पूर्ण’ लिहिलंय. होशील पास.”

“सेवा बंद झाली होती, त्याबद्दल काही लिहिलंय, मॅडम?”

“एक ओळही नाही. आणि ती नोकरी त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली.”