पाडवा माझा, भाऊबीज तिची

माझी नणंद बाईजा, म्हसा गावाला दिलेली. तिचं कौतुक आमचं अख्खं सापगाव करतं, आन तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

दोन हजार सहा साली माझ्या नवऱ्याला, कुंडलिकला, रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईचा डॉक्टर बोलला, किमोचा मोठा डोस द्यावा लागंल. त्यात रोगासंगं हाडातला मगजही जळंल, मग दुसऱ्याचा जुळणारा भरायचा. मी लगेच हात पुढं केला, "माझा घ्या." तर बोलतो, "बाई, जुळला तर सख्ख्या भावाबहिणीचाच जास्त जुळतो." एवढी वर्षं संसार केला मी, आन जुळली कोण? बाईजा! कमरेच्या हाडात सुया टोचून घेतल्या आन आठवड्यात भाताच्या लावणीला उभी. वर डॉक्टर सांगतो, आता त्याचा रक्तगटही बहिणीचाच होणार. घ्या!

घरी आणल्यावर सगळं माझ्या अंगावर. जंतू लागू नयेत म्हणून पाणी उकळ, ताट उकळ. धूर नको, फूल नको, बाहेरचं माणूस नको. तशात दिवाळी आली. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायला मी निरांजन हातात घेतलं आन परत ठेवून दिलं. धुराचा त्रास झाला तर? तोही "ओवाळ" म्हणून एका शब्दानं बोलला नाय.

भाऊबीजेला बाईजा ताट घेऊन अंगणात आली, तर हा खाटेवरून उठला! "येऊ दे तिला आत. एका दिव्यानं काय होतंय?"

माझं डोकंच फिरलं. "काल माझ्या वेळी डॉक्टर आठवला, आन आज बहीण काय?" मी दारात आडवी उभी राहिले.

बाईजानं विचारलं, "वैनी, तुमी काल ओवाळलं नाय?"

"नाय."

तिनं ताट ओट्यावर ठेवलं. "मग मी कशी ओवाळू? दादा, तू बस खाली." आन माघारी वळली.

बघा, चांगुलपणातही मेली पुढंच! मला रडू फुटलं. धावत जाऊन तिचा हात धरला.

"उपाशी कुठं चाललीस गो? जेवून जा. आन ऐक, पुढल्या दिवाळीला आधी मी ओवाळीन, मग तू. तवर त्याला काय झालं ना, तर माझ्याशी गाठ हाय. रगत तुझं हाय!"