कुसुमकाकूंनी सांगितलेलं माप

कुसुमकाकू बायकांची मापं कधी मोठ्याने बोलत नसत. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, तळमजल्याच्या खोलीत त्या ब्लाउज आणि परकर शिवायच्या. दंडाला टेप, कमरेला टेप, नुसते ओठ हलवायचे, वहीत आकडा लिहायचा आणि वही झाकायची. कुणी विचारलंच, "काकू, वाढलं का हो?" तर म्हणायच्या, "ता मी नि माझी टेप बघून घेव. तू हात वर कर."

मालवणकडून लग्न होऊन आलेल्या. नवरा गिरणीत होता; गिरणी बंद पडली आणि यांचं मशीन सुरू झालं ते थांबलंच नाही. शाळा चौथीपर्यंत. मी मात्र आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.कॉम., आणि लोअर परळच्या काचेच्या इमारतीत नोकरी. हे चारचौघांत सांगायला मला आवडायचं. अजूनही आवडतं; खोटं कशाला बोलू?

एका गणपतीआधी मी आईचे ब्लाउज आणायला गेले. काकूंनी मला आत घेतलं आणि दार लोटलं.

"तुझ्या आवशीचे दंड इतकी वर्षां तेच आसत. कंबर मात्र दर खेपेक वाढता. हात काडयेसारके नि पोट पुढे. माझ्या थोरल्या बहिणीचा असाच होता, मागसून साखर निघाली. हिची तपासून घे."

मला हसू आलं. आई आणि जाडी? आमच्या मजल्यावरची सगळ्यात किरकोळ बाई ती. मोबाइलमध्ये एक ॲप होतं. उंची आणि वजन टाकलं की रंग दाखवायचं. मी तिथेच आईचं चोपन्न किलो वजन टाकलं.

"हे बघा काकू. हिरवं. म्हणजे नॉर्मल."

"कोणी केला ता?"

"परदेशातल्या मोठ्या डॉक्टरांनी."

"मग तिथल्या बायकांची मापां घेवन केला आसतला. त्यांचो ब्लाउज तुझ्या आवशीक बसात काय गो?"

"ब्लाउज वेगळा, शरीरशास्त्र वेगळं. मी शिकलेय, काकू."

वाणिज्य शाखेत शरीरशास्त्र कितव्या वर्षाला असतं, हे त्यांनी विचारलं नाही. ब्लाउज कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि मशीनवर जाऊन बसल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी आईच्या डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके यायला लागले. मोतीबिंदू असेल म्हणून गेलो, तर डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, असं निघालं. आई रडकुंडीला आली. "अहो, मी खाते तरी काय? सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात."

साखरेच्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "तुमचा दोष नाही, आजी. आपल्याकडच्या बायकांच्या अंगात स्नायू कमी, आणि चरबी साठते ती पोटात, आतल्या बाजूला. वजन कमी दिसतं, तरी साखर वाढते. गोऱ्या बायकांसाठी जी वजनाची हद्द आहे, ती आपल्याला चालत नाही. आपली खाली धरावी लागते. आणि कंबर मोजावी लागते." मग माझ्याकडे वळल्या. "कुणाच्या आधी लक्षात आलं नाही?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

चाळ तोपर्यंत पुनर्विकासाला गेली होती आणि काकू बदलापूरला मुलीकडे. जायला जमलं नाही, म्हणजे मी गेले नाही. बऱ्याच दिवसांनी फोन केला. आईच्या डोळ्याचं त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं.

"आवशीक आता दिसता मा?"

"उजव्याने दिसतं. डाव्याने अंधुक." मग कसंबसं म्हटलं, "काकू, तुम्ही बरोबर होता. माझं चुकलं."

मग त्या म्हणाल्या, "तुझा नाय गो, बाय. माझा चुकला. मी थेट तुझ्या आवशीकच सांगूक होया होता. पण शिकलेला चेडू सांगता म्हणजे तसाच आसतला, असा वाटला. म्हणून गप रवलंय."

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्यात काकू गेल्या. बातमी कळल्यावर आई दिवसभर त्यांच्याबद्दल बोलत होती. "इतकी मापं घेतली बाईने," म्हणाली, "पण कुणाच्या अंगाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही."

मी हो म्हटलं. दार लोटून त्यांनी मला काय सांगितलं होतं, हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.