कार्डात बसलं तर तुझं तू भर

वैनींचा फोन आला तेव्हा मी अण्णांकडंच निघालो होतो. जुलैचा पहिला आठवडा. हातात शाळेनं दिलेला फॉर्म सोळा, त्याला टाचलेली विम्याची पावती, आणि मनात दरवर्षीची तीच आशा, की यंदा तरी अण्णा म्हणतील, "ठेव ती फाईल हितं आन् जा घरला." गेली पंधरा-सोळा वर्षं मी ही आशा घेऊन पेठ वडगावहून कोल्हापूरला जात होतो आणि फाईल काखेत मारून परत येत होतो. नकार इतका ठरलेला, की बायको आदल्या दिवशीच सांगायची, "नकार घेऊन येताना येसूरचा मसालाही घेऊन या." त्या दिवशी चप्पल घालतोय तोवर फोन वाजला. "भावजी, तुमचे अण्णा उठंनात..." एवढंच वैनी म्हणाल्या. बायकोला घेऊन मी मिळेल त्या एस.टी.त बसलो. अण्णांच्या मातीला मी फॉर्म सोळा काखेत धरून उभा होतो, हे मला घरी आल्यावर बायकोनं सांगितलं.

अण्णा माझे आतेभाऊ, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. लक्ष्मीपुरीत धान्याच्या एका दुकानावर त्यांची एक खोली होती आणि दारावर 'आयकर सल्लागार' अशी पाटी. लोक त्यांना वकीलसाहेब म्हणायचे. अण्णा दर वेळी दुरुस्त करायचे, "वकील न्हवं, नुस्ता बी.कॉम. हाय मी." खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून फायलींचं एक कपाट. ते कपाट कधीही भरलेलं मी पाहिलं नाही. आणि टेबलाच्या वरच्या खणात कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. कार्ड पंधरा पैशांचं होतं तेव्हापासून ते पन्नास पैशांचं होईतोवर तो गठ्ठा त्या खणात होता, पण त्यातलं एकही कार्ड अण्णांनी कधी पोस्टात टाकलं नसेल.

मी नोकरीत कायम झालो आणि पहिल्यांदा रिटर्न भरायची वेळ आली, तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो. मी भूगोलाचा मास्तर. पोरांना नकाशात कृष्णा कुठं, वारणा कुठं हे डोळे मिटून दाखवणारा, पण त्या फॉर्ममध्ये मला स्वतःचा रकाना सापडत नव्हता. अण्णांनी एक पेढा खाल्ला, खण उघडला आणि एक कोरं कार्ड माझ्यासमोर सरकवलं.

"वरीसभर पैसा कुठनं आला, कुठं गेला, लिव्ह ह्याच्यावर. एकाच बाजूला. बसलं तर तुझं तू भर. न्हाय बसलं तर फाईल ठिवून जा."

पगार, विमा, भविष्य निर्वाह निधी. तीन ओळी झाल्या आणि माझी कमाई संपली. आता हा माणूस आपल्याला हाकलणार हे ओळखून मी हळूच अक्षर मोठं करायला लागलो. शाळेचं पूर्ण नाव लिहिलं, संस्थेचं लिहिलं, तालुका, जिल्हा लिहिला. पिनकोडपर्यंत आलो तसं अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठ्या अक्षरानं कमाई वाढत न्हाय मास्तर. बेरीज येती न्हवं तुला?"

"येते की."

"मग माझ्याकडं कशाला आलास?"

"चूक झाली तर, अण्णा?"

"तुझी चूक तुला घावंल. माझ्या हातनं झाली तर मला बी घावायची न्हाय आन् तुला बी. घे, आणि एक पेढा खा."

त्यांनी तासभर शेजारी बसून प्रत्येक रकाना म्हणजे काय ते समजावलं, पण पेनाला हात लावला नाही. आणि फी? फी कसली, काम तूच केलंस, म्हणाले. मला वाटलं, नातेवाईक म्हणून टाळलं. पुढं कळलं, ते सगळ्यांनाच असं करतात. एस.टी.चे कंडक्टर, दवाखान्यातल्या सिस्टर, पेन्शनीतले तलाठी, सगळ्यांना कार्ड. कितीतरी लोक रागावून जायचे. शाहूपुरीतला एक व्यापारी तर चिडून जिना उतरला होता. गळ्यात सोन्याची साखळी, बोलण्यात लाखाच्या गोष्टी, आणि सगळा पसारा भावांच्या नावावर! ह्याचं स्वतःचं म्हणून काय ते कार्डाच्या पाचव्या ओळीला संपलं. "माझं कार्डात बसतंय? माझं?" असं ओरडत तो गेला, ते खालच्या धान्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं.

आणि उलटंही पाहिलं मी. खाणावळ चालवणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. लिहिता येत नव्हतं. सगळा व्यवहार डोक्यात. कुणी महिन्यानं पैसे देतो, कुणी तांदूळ आणून टाकतो, दोन खोल्या भाड्यानं, गॅसचं, कामाच्या बायांचं... त्या बोलत होत्या आणि अण्णा लिहीत होते. एक कार्ड भरलं, दुसरं भरलं, तिसरं अर्ध्यावर आलं. अण्णा उठून उभे राहिले. "मावशी, हे तुमचं तुमाला झेपायचं न्हाय, आन् झेपवू बी नगा. आजपास्नं हे माझं काम." त्या बाईंना काय वाटलं असेल ते असो, पण मला तेव्हा त्या खाणावळीचा अतोनात हेवा वाटला. मी तसं बोलून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "डोकं दुखलं म्हणून कोण डाक्टरकडं पळतंय का? बाम लावायचा. पर हाड मोडल्यावर बाम चोळत बसलास तर लंगडशील. तुझं डोकंच दुखतंय, मास्तर."

पण मी काही सरळ माणूस नव्हे. नव्वदचं दशक संपता संपता आमच्या स्टाफरूममध्ये एक गृहस्थ यायला लागला. पांढरा शर्ट, हातात चामडी बॅग. "सर, सही तेवढी करा, बाकीचं माझ्यावर सोडा. कापलेला टॅक्स परत आणून देतो." किती गोड वाक्य! ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं लक्ष्मीपुरीचा जिना चढत होतो, ते वाक्य हा माणूस चहाच्या कपासोबत देत होता. मी कोऱ्या फॉर्मवर सही केली. अण्णांना सांगितलं नाही. काही महिन्यांनी खरंच परताव्याचा चेक आला आणि मी त्याचा मिक्सर घेतला. त्या वर्षी लक्ष्मीपुरीत गेलो तो रिकाम्या हातानं, आणि म्हणालो, "यंदा मी माझं मी भरलं, अण्णा." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून टोचते.

दीडेक वर्षानं नोटीस आली. फॉर्मला एका देणगीची पावती जोडलेली होती. गुजरातेतल्या कुठल्याशा नेत्ररुग्णालयाला मी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी देणगी दिली होती म्हणे. बायकोनं नोटीस दोनदा वाचली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्यासमोर धरला. "गुजरातेतल्या आंधळ्यांना दोन महिन्यांचा पगार? आणि ह्या चष्म्याची काडी तुम्ही मला दोऱ्यानं बांधून दिलीय?" मला हसू आलं नाही. त्या वर्षी शाळेत पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव पुढं होतं. पद गेलं तर गेलं, पण खोटी पावती लावणारा मास्तर म्हणून वर्गात कसं उभं राहायचं, या विचारानं मी नोटीस घेऊन लक्ष्मीपुरी गाठली. पांढऱ्या शर्टवाला केव्हाच गायब झाला होता.

अण्णांनी नोटीस वाचली. मला वाटलं, आता कपाळावर विभूती आहे तिथपर्यंत भुवया चढतील आणि आवाज खाली दुकानात जाईल. त्यांनी खण उघडला. कार्ड सरकवलं. "काय झालं ते लिव्ह."

मी लिहिलं. आपण कसे सरळमार्गी, तो माणूस कसा बोलबच्चन, इतर शिक्षकांनीही कशा सह्या केल्या, संसाराची ओढाताण कशी... एक बाजू भरली, मी उलटून पत्त्याच्या बाजूवर आलो. अण्णांनी कार्ड काढून घेतलं, वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे पाकिटातलं लिवलंस. कार्ड कशाला देतो मी, म्हाईत हाय का?"

"मावतंय का बघायला."

"मावायचं ऱ्हाऊ दे. पाकिटात माणूस काय बी घालतंय. कार्ड उघडं असतंय. पोस्टमन वाचतोय, शेजारचं पोर वाचतंय, तुझी बायको वाचतीया. कुणी बी वाचलं तरी आपली मान खाली जाऊ ने, असं लिवायचं. आता दुसरं घे."

मी किती वेळ पेन धरून बसलो ते ठाऊक नाही. शेवटी चार ओळी झाल्या. मी न वाचता कोऱ्या फॉर्मवर सही केली. ही देणगी मी दिलेली नाही. परतावा मी घेतला आणि खर्च केला. तो व्याजासह परत भरतो. अण्णांनी मान हलवली. "बसलं बघ. आता चल."

आयकर कचेरीपर्यंत ते माझ्याबरोबर आले. मला हायसं वाटलं, आता हेच बोलतील. पण साहेबांच्या दाराबाहेर एक बाकडं होतं, त्यावर अण्णा बसले. मी आत यायची खूण केली. "सही तुझी हाय. तूच जा," म्हणाले. "मी हाय हितंच." आत गेलो. कार्ड खिशातून काढलं आणि वर्गात पोरगं धडा वाचतं तसं वाचून दाखवलं. अधिकारी माझ्याच वयाचा असेल. त्यानं ऐकून घेतलं, कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "ते बाहेर बाकावर बसलेत का?" मी हो म्हणालो. तो हसला. कर, व्याज आणि दंड, तिन्ही मला भरावे लागले, सूट काही मिळाली नाही. पण प्रकरण तिथंच मिटलं. दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेतले आणखी पाच जण आपापली कार्डं लिहून त्या दारात उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या वेळी बाकावर अण्णा होते. पर्यवेक्षकपद मला मिळालं नाही. वर्गात मात्र उभा राहू शकलो. मिक्सर अजून चालतो. फिरायला लागला की बायको विचारते, "गुजरातची मंडळी बरी आहेत ना?"

तेव्हापासून मी माझं मीच भरत आलो. तरी दर जुलैला जिना चढायचो, फाईल पुढं करायचो, आणि ते कार्ड पुढं करायचे. भरायला येत नव्हतं म्हणून मी जात नव्हतो, हे त्यांनाही ठाऊक असावं...

दिवसकार्य आटोपलं आणि वैनींनी मला बोलावून घेतलं. अण्णांचं स्वतःचं गेल्या वर्षीचं रिटर्न राहिलं होतं. माणूस गेला तरी ते वारसाला भरावं लागतं. नात्यातले सगळे सांगत होते, एखाद्या सी.ए.ला द्या, अशा वेळी डोकं कुठं चालतंय. वैनींनी मला विचारलं, "तुमाला काय वाटतंय, भावजी?" मीही म्हणालो, द्यावं कुणाला तरी. जबाबदारीचं काम. चूक झाली तर? वैनी उठल्या, लक्ष्मीपुरीच्या खोलीतून आणलेल्या सामानातून तो गठ्ठा काढला आणि एक कार्ड माझ्यासमोर सरकवलं. अगदी त्याच हातानं सरकवल्यासारखं...

त्या वह्या बघून सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. खाणावळीच्या मावशींची फी. एका गिरणीची. दोन दुकानांची. बँकेचं व्याज. सातव्या ओळीला वैनींनी वही मिटली. "साकु," म्हणाल्या. वैनी चिक्कोडीकडच्या. कानडीत साकु म्हणजे पुरे. मी कार्डाकडं पाहत राहिलो. अर्ध्याहून जास्त कार्ड कोरं होतं. चाळीस वर्षं कोल्हापुरात धंदा केलेल्या माणसाची वर्षाची कमाई माझ्या पगाराहूनही कमी होती.

"एवढंच, वैनी?"

"एवढंच की. निम्मं गाव परत पाठवलं, त्याचं कुठल्या रकान्यात लिवायचं असतंय?"

मी फॉर्म भरला. सही वारस म्हणून वैनींची. मी फुली मारून जागा दाखवली, तर त्यांनी पेन बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. समजलं नाही तिथं बोट ठेवून विचारलं. मला परतीची एस.टी. चुकली, पण "वाचल्याबिगर सही न्हाय" म्हणणाऱ्या घरात घाई करायची कुणाकडं?

निघताना मी गठ्ठ्यातलं एक कोरं कार्ड मागून घेतलं. घरी आलो, माझं वर्ष त्याच्यावर लिहिलं आणि उलटून बघत बसलो. पत्ता लिहायला ती बाजू इतक्या वर्षांत कधी लागलीच नव्हती. मग तिथं अण्णांचं नाव घातलं, खाली त्यांच्या घरचा पत्ता, आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आलो. वय झालं की माणूस असले प्रकार करतो. बायकोला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी वैनींचा फोन.

"भावजी, कार्ड पोचलं. बसलंय समदं. पर बँकंचं व्याज लिवायचं इसरलासा की."

मी पासबुक काढून बघितलं. विसरलो होतो.

"आणि पोस्टमन म्हणत हुता, मास्तरांचा पगार बरा हाय की. दुसरं कार्ड धाडा, व्याज घालून. मी बघते, मग भरा."

"वैनी, आता फोनवर कळलंय तर मी तसंच भरतो की."

"न्हाय," वैनी म्हणाल्या. "कार्ड धाडा."