बीपीवाल्या मावशी

कोणत्याही बाईच्या दारात उभं राहून, तिला जराही ओशाळं न करता, तिच्या शौचाचा नमुना मागणं किती जणांना जमेल, मला माहीत नाही. आमच्या प्रकल्पात ते एकट्या बीपीवाल्या मावशींना जमायचं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करून पुलगावहून आले होते. पहिल्याच घरी प्लास्टिकची डबी पुढे केली आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. घरातली गरोदर सून तोंडाला ओढणी लावून आत पळाली. मावशी तिच्यामागे गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता आणि सकाळी डबी भरून ठेवायचं पक्कं झालं होतं.

मावशींनी समुद्रपूर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. गरोदरपणात काही बायकांचा रक्तदाब एकाएकी चढतो, हातापायांवर सूज येते, झटके येतात. कधी बाळ जातं, कधी आई, कधी दोघंही. हे नेमकं कशामुळे होतं याचं पुरतं उत्तर अजून कोणाजवळ नाही. आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंचा त्यात काही हात असेल का, हे आम्ही शोधत होतो. ही गोष्ट समजावून सांगणारा दोन पानी मजकूर मी मोठ्या कष्टाने लिहिला होता. मावशी एवढंच सांगत, "तुह्या पोटात लेकरू यायच्या आधीपासून लाखो जीव राहून राह्यले, बाई. डोयाले दिसत नाईत. तू खातं तेच तेही खातेत. त्याइचा अन् बीपीचा काही संबंध हाये का, तेवढं पाहा लागते." बायकांना ते लगेच पटायचं. महिन्याभरात मी माझी दोन पानं फाडली आणि त्यांची वाक्यं लिहून घेतली.

बीपी मोजताना त्यांच्यापुढे कोणाचं चालत नसे. बाईला भिंतीला टेकवून बसवायचं, पाय जमिनीवर, हात उशीवर, आणि पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. सासू नाही, शेजारीण नाही, मीही नाही. एकदा एका घरी सरपंच बोलत बोलत आत आले, तर त्यांनाही त्यांनी हातानेच गप्प बसवलं. मग एकदा मोजायचं, थांबायचं, पुन्हा मोजायचं. "घाईनं मोजलेलं बीपी बाईचं नसते, आपल्या घाईचं असते," म्हणायच्या.

आमच्या फॉर्ममध्ये आठवड्यातून किती वेळा दही, किती वेळा पालेभाजी असे प्रश्न होते. बायका भराभरा उत्तरं द्यायच्या, मी भराभरा खुणा करायची. मावशी तोवर सैपाकघरात जाऊन झाकण्या उचलून पाहत. बाहेर येऊन हळूच सांगत, "दही खोड. घरात दूधच नाई." त्या बाईला मात्र यातलं काही बोलून दाखवत नसत. पाणी मागून पीत, पुढच्या घरी निघत.

गिरडच्या टेकडीच्या पायथ्याकडच्या एका गावात मोनाली नावाची मुलगी होती. आठवा महिना. कापूस वेचणीचे दिवस, घरात ती आणि सासू दोघीच. आम्ही फक्त डबी न्यायला गेलो होतो. डबी तिने भरून ठेवलेली होती. मावशींनी ती बर्फाच्या पेटीत ठेवली आणि मोनालीच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "बस."

"काई नाई मावशी, डोकं दुखून राह्यलं थोडंसं. अन् डोयापुढं चमकते."

"उन्हाचं झालं असन," सासू म्हणाली. "कालपासून लोळूनच हाये."

मावशींनी पाच मिनिटं थांबून मोजलं, मग पुन्हा मोजलं. एकशे ऐंशी, एकशे दहा. त्यांनी आकडा मोठ्याने सांगितला नाही, मला दाखवला. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती लांब कुठे तरी गेलेली. मावशींनी आमच्या प्रकल्पाची जीप दारात लावायला सांगितली. सासू म्हणाली, पोरगा वावरातून येऊ द्या, मग पाहू. मावशी म्हणाल्या, "त्याले दवाखान्यात येऊ द्या. हे थांबत नाई."

अर्ध्या वाटेत मोनालीला झटका आला. मी अशी गोष्ट फक्त पुस्तकात वाचली होती. मावशींनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, कोणाला तिच्या तोंडात काही घालू दिलं नाही आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. दवाखान्याच्या दारात डॉक्टर भेटले तेव्हा झटका किती वाजता सुरू झाला, किती वेळ चालला, बीपी किती होतं, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मोनाली वाचली. बाळ वाचलं नाही.

संध्याकाळी प्रकल्पाच्या ऑफिसच्या व्हरांड्यात मावशींनी ती बर्फाची पेटी माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "लेबल लावून फ्रीजरमध्ये ठेव."

मला संताप आला. "आज तरी राहू द्या ना, मावशी."

"काऊन? पोरगी तर रडूनच राह्यली. तिचं लेकरू कशानं गेलं, हे विचाराले एवढी एकच वस्तू हाये आपल्यापाशी." आणि पेन माझ्या हातात दिला. मी लेबल लिहायला घेतलं.

प्रकल्प संपला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. बीपी चढलेल्या बायकांच्या आतड्यांत काही उपयोगी जिवाणू कमी असावेत, असं दिसत होतं. पण त्यांच्यामुळे बीपी चढतं, की बीपी चढल्यामुळे ते कमी होतात, हे सांगता येत नव्हतं. आमचे नमुने थोडे होते. मावशींनी विचारलं, "म्हणजे बाईनं काई चुकीचं केलं, असं तर नाई ना?" डॉक्टर म्हणाले, "नाही. असं कोणालाच म्हणता येणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून मावशी एसटीने निघाल्या. ज्या ज्या बाईने नमुना दिला होता तिच्या घरी जाऊन, काय सापडलं आणि काय नाही, हे सांगायला. हे काम कोणी ठरवलेलं नव्हतं, त्याला पगारही नव्हता. "ज्याइच्यापासून घेतलं त्याइले सांगा लागते," इतकंच. पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला माझे चार दिवस उरले होते. एक दिवस मी त्यांच्यासोबत गेले.

मोनालीच्या घरी सासू ओसरीवर तूर निवडत होती. मोनाली अंगणात उन्हात उभी राहून धुणं वाळू घालत होती. मावशी बोलायला लागल्या तशी सासू म्हणाली, "ते जंतू-गिंतू ठीक हाये, नर्सबाई. पण हिनं पपई खाल्ली होती. मी तवाच म्हटलं होतं."

मावशी तिच्या शेजारी बसल्या. सुपातली तूर निवडू लागल्या. म्हणाल्या, "मोठे डॉक्टर म्हणतेत, बाईची चूक नसते. मलेबी आल्ते झटके. पहिल्या खेपेले. पोरगा होता."

मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत फिरले होते. हे मला माहीत नव्हतं.

सासूचा हात थांबला. "तुमाले? नर्स असून?"

"तवा नर्स नव्हती. त्याच्यानंतर झाली."

मग सासूने विचारलं, "अन् तुमची सासू काय म्हणे?"

"तुमी म्हणता तेच."

सासू सुपाकडे पाहत राहिली. मोनालीच्या हातात ओला टॉवेल तसाच होता. मग सासू मान वर न करता म्हणाली, "पोरी, उन्हात काऊन उभी हायेस? इकडं सावलीत ये."

मोनाली आली आणि दोघींच्या मधे बसली. उठताना मावशींनी तिला सांगितलं, "पुढच्या खेपेले पहिल्याच महिन्यात मले सांगजो. डॉक्टरकडं मी नेतो."

फाट्यावर आम्ही दोघी एसटीची वाट पाहत उभ्या राहिलो. मला त्यांना काही तरी म्हणायचं होतं, त्यांच्या पायाही पडायचं होतं. पण त्या पिशवीतून कागद काढून नावं पाहत होत्या. समुद्रपूरची गाडी आली. "तू जाय," त्या म्हणाल्या, "मले पलीकडच्या गावात दोन घरं हायेत." मी खिडकीशी बसले. गाडी वळेपर्यंत मला त्या दिसत होत्या; पांदणीने एकट्या चाललेल्या, खांद्याला बीपीच्या मशीनची पिशवी, पावलं नेहमीसारखी भराभर.