आधी पुकारा, मग पेटी

आमच्या गावच्या यात्रेत देणगी गुपचूप देता येत नाही. पुण्य झाकून ठेवायची कुणाला हौस असेल तर त्याने दुसऱ्या गावच्या देवाला जावं. इथं भैरवनाथाच्या देवळासमोर, कुस्त्यांच्या आखाड्याच्या कडेला माझ्या सासूबाई, आक्काबाई, माईक घेऊन बसतात. तुम्ही नोट पुढं करायची, नाव सांगायचं. त्या नाव पुकारणार, हलगी कडाडणार, आणि मगच नोट पेटीत पडणार. अकरा रुपयांना तीच हलगी आणि अकरा हजारांनाही तीच.

हे काम आधी मामंजींचं. एका वर्षी ऐन यात्रेत त्यांचा घसा बसला आणि त्यांनी माईक बायकोच्या हातात दिला. बाईमाणूस आखाड्यावर बोलणार म्हणून पंचांनी नाकं मुरडली, पण संध्याकाळी पेटी अशी भरली की नाकं आपोआप सरळ झाली. मामंजी गेले, माईक सासूबाईंकडे राहिला. एरवी त्यांना घरात फारसं कोण विचारतं? मी चाकणला कंपनीत स्टोअरला, नवरा शिफ्टला. पण यात्रेच्या दिवशी सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघतं. त्या एका दिवसावर त्या वर्ष काढतात.

गेल्या चैत्रात हाच माईक जायची पाळी आली, आणि ती शाळेपायी.

आमच्या शाळेच्या दोन खोल्या धोकादायक म्हणून पाडल्या. पोरं देवळाच्या सभामंडपात बसायला लागली, त्यात दुसरीतली माझी मुलगी मैत्रीही. नवीन खोल्या कधी होणार विचारलं की सरपंच कुलदीप गोड हसून म्हणायचा, "वरून निधी आला न्हाई, वहिनी." त्यात शिक्षण खात्याने निरोप धाडला, जूनपर्यंत काम सुरू नाही झालं तर पोरं पलीकडच्या गावच्या शाळेत घालू. पलीकडचं गाव म्हणजे नाशिक रोडच्या पलीकडचं. त्या रस्त्यावर कंटेनर कसे धावतात ते चाकणच्या माणसाला सांगायला नको. मी कंपनीच्या बसमधून रोज बघते. नोकरी सोडून पोरीला रस्ता ओलांडून द्यायला उभी राहू का, असंही नवऱ्याला विचारून झालं होतं.

यात्रेच्या दिवशी कुस्त्या रंगात आल्या होत्या. तेवढ्यात शेखर नावाचे सुपरवायझर आले. आमच्या शिवारात जी कंपनी झालीय, तिथले. कामगारांच्या वतीने त्यांनी पाच हजार एक दिले. सासूबाईंनी पुकारले. जाता जाता ते कौतुकाने म्हणाले, "आक्का, शाळेच्या खोल्यांसाठी आमच्या कंपनीने दिवाळीत बारा लाख दिले होते. झाल्या का खोल्या?"

दुसरं कुणी असतं तर सरपंचाकडे एकदा बघून गप्प बसलं असतं. सासूबाईंच्या डोक्यात राजकारण नाही. देणगी आली आणि पुकारायची राहिली, एवढंच त्यांना कळलं, आणि चूक त्यांना स्वतःचीच वाटली.

"शिवारातल्या कंपनीकडून शाळेच्या खोल्यांसाठी बारा लाख रुपये!" त्यांनी माईकवरून सांगितलं. "पुकारायचं राहून गेलं, गावानं माफी द्यावी!"

हलगीवाल्याने सवयीने हलगी वाजवली. मग आपण काय वाजवलं ते त्याच्याही ध्यानात आलं आणि त्याचा हात थांबला.

कुलदीप फेटा सावरत पुढं आला. "आक्का, ते कागदपत्राचं काम हाय. पंचायतीत बसून बोलू."

"बोलू की," सासूबाई माईकवरच म्हणाल्या. "पर कंपनीचं नाव घेतलं, तसं सरकारनं किती दिलं ते बी सांग. त्या बिचाऱ्याचं नाव नको व्हय घ्यायला?"

लोक खदखदून हसले. कुलदीप तेवढा हसला नाही.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष यशवंतराव उठले. नात्याने सासूबाईंचे चुलत दीर. "वहिनी, देवाच्या कामात पंचायत आणू नका. माईक ठेवा खाली. न्हाईतर पुढल्या सालापासनं आमी दुसरा माणूस बघू."

मी देवळाच्या पायरीवर होते. सासूबाईंचा चेहरा उतरलेला मला तिथून दिसला. त्यांनी माईक खाली ठेवला. संपलं, म्हटलं.

पण त्या पदर खोचून उभ्या राहिल्या. चाकणच्या बाजारात वीस वर्षं मेथी-कोथिंबीर विकलेल्या बाईला माईक हवा कशाला? आवाज थेट यात्रेतल्या पाळण्यांपर्यंत गेला.

"भाऊजी, माईक तुमचा, ह्यो ठेवला! पर माझी नात नाशिक रोड वलांडायला निघालीय. सरकारनं किती दिलं ते कळल्याबिगर शेवटची कुस्ती मी पुकारायची न्हाई!"

आणि न पुकारता कुस्ती आमच्याकडे लागत नाही. दोन्ही पैलवान अंगाला माती लावून तयार. त्यातला थोरला कमरेवर हात ठेवून सरपंचाकडे बघत उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "बोला, सरपंच!" मग पायऱ्यांवरच्या बायका उठल्या. त्यात मीही होते, आणि माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

कुलदीपने आशेने यशवंतरावांकडे पाहिलं. यशवंतराव उखडले. "माझ्याकडं काय बघतोस? मला तरी कुठं सांगितलं व्हतंस?" त्यांनी खाली वाकून माईक उचलला आणि वहिनीच्या हातात दिला.

कुलदीप पुटपुटला.

"मोठ्यानं, बाबा," सासूबाई म्हणाल्या. "देवाला बी आयकू दे."

"अठ्ठावीस लाख. आलेत. कंपनीचे अन् हे, दोन्ही खात्यावर पडून हायेत. ठेकेदाराचं जमत नव्हतं."

ठेकेदाराशी काय जमत नव्हतं ते गावाला समजायचं ते समजलं. सासूबाईंनी मात्र शिवी दिली नाही की टोमणा मारला नाही. त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्याच ठेक्यात पुकारलं, "सरकारकडून, म्हंजे तुमच्या-माझ्या पैशातनं, शाळेच्या खोल्यांसाठी अठ्ठावीस लाख रुपये!"

हलगी अशी कडाडली की लोकांनी फेटे उडवले. मी पायरीवर उभी राहून रडले. लाज वाटली नाही.

आता गावाला चव लागली. "आक्का, गटाराचं बी इचारा!" "दिव्यांचं इचारा!" "व्यायामशाळा कुठं गेली?"

"दम धरा. आधी शाळा. कुलदीप, काम कवा?"

"लवकरच."

"लवकर कुठल्या वारी येतं?"

कुलदीपने कपाळ पुसलं. "सोमवारी."

"सरपंच कुलदीप यांच्याकडून," सासूबाई गरजल्या, "शाळेचं काम, येत्या सोमवारी!" हलगी वाजली. पुकारलेली देणगी मागं घ्यायची सोय आमच्या गावात नाही.

सोमवारी मी सुट्टी टाकली. आम्ही सासवासुना नारळ घेऊन पोचलो तर निम्मं गाव आधीच हजर. यशवंतराव पुढं होऊन म्हणाले, "वहिनी, माईक तुमचाच बरं का." सासूबाई म्हणाल्या, "त्यो हायेच, भाऊजी. तुमी गटाराचं कुठवर आलं ते बघा." तेवढ्यात कुलदीपची गाडी आली आणि तिच्या मागून जेसीबी.

शाळेच्या भिंतीवर आता सरकारचे किती, कंपनीचे किती, खर्च किती, सगळं ठळक रंगवलंय. जूनमध्ये खात्याचे साहेब आले, उभं राहिलेलं जोतं बघून परत गेले. पोरं गावातच राहिली. माझी मैत्री नाशिक रोड ओलांडत नाही.