सरकीच्या पोत्याची जागा

मी धुळ्यात पिठाची गिरणी चालवते. तीस वर्षं पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे माझं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटतं, आणि निम्म्या वेळा ते भांडणच असतं. आमच्या घरचे म्हणतात, हिला फोन कशाला हवा, खिडकी उघडून बोलली तरी जामनेरला ऐकू जाईल. जामनेर माझं माहेर. तिथे माझा मोठा भाऊ असतो, आणि त्याच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली अकरा वर्षं एक विलायती मोटार पडून होती.

भाऊ ट्रॅक्टर आणि विहिरीवरच्या इंजिनांचा मिस्त्री. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात काही दुरुस्तीला गेला आणि तिथल्या गोदामात त्याला ही दिसली. दोन माणसांची, बसकी, वर छत नाही, चाकांना सायकलसारख्या तारा. कधी काळी जिनिंगच्या मालकाने हौसेने घेतलेली इंग्लंडची स्पोर्ट्स कार. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकाच्या नातवाला गोदाम रिकामं करायचं होतं, तो म्हणाला, न्या. भावाने ट्रॉलीत घालून घरी आणली.

त्या वर्षी आखाजीला मी माहेरी गेले तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात सासुरवाशिणीचा हा दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकीने आपलं आपण निघून यायचं नसतं, माहेरचा माणूस न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. मी बासष्ट वर्षांची झाले, गुडघे गेले, नातवंडं झाली, तरी दर आखाजीला माझा भाऊ एसटीने धुळ्याला मुराळी म्हणून येतो, माझ्याकडे जेवतो आणि मला घेऊन जातो. तर त्या वर्षी ते गंजकं धूड पाहून माझी जीभ वळवळली. पंगतीत सगळ्यांदेखत मी म्हटलं, "भाऊ, हे भंगार चालतं करून त्यात मला न्यायला आलास तर मी तुला मिस्त्री म्हणेन."

भाऊ जेवता जेवता थांबला. म्हणाला, "शब्द दिला. या गाडीत पहिली तू बसशील. तोवर दुसरं कोणी नाही."

झालं. पहिलं कोण बसणार याचा निकाल तिथेच लागला, माझ्या एका टोमण्यावर. वहिनी तेव्हा वाढत होती. तिच्या हातात आमटीची पळी होती. तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही.

त्यानंतर अकरा वर्षं गाव भावाला हसलं. मी तर हक्काने हसले. तिच्या पत्र्याखालचा सांगाडा लाकडाचा निघाला आणि तो पार कुजलेला होता, हे कळल्यावर मी फोनवर विचारलं, "गाडी आहे का देव्हारा?" भावाने बैलगाड्या करणारा एक म्हातारा सुतार धरला. त्याने जुन्या तुकड्यांच्या मापाने एकेक काटकी नवी घडवली. चाकांच्या तारा सायकलवाल्याने ताणल्या. जे मिळेना ते भाऊ भट्टीवर तापवून स्वतः करायचा, चुकलं की पुन्हा करायचा. दर आखाजीला तो एसटीतून उतरायचा आणि मी दारातूनच विचारायची, "काय मिस्त्री, गाडी कुठे लावली?" तो हसायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी."

यंदा आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी गिरणी बंद करत होते. शटर अर्धं खाली आलं होतं. गल्लीतून एक आवाज आला. इंजिनाच्या आवाजाचा मला नाद आहे, पट्टा सैल झालेला मला झोपेतही कळतो. हा आवाज मोटारसायकलचा नव्हता, रिक्षाचा नव्हता. भरला, जाडसर, एकसारखा. एकही ठोका चुकत नव्हता. मी वाकून शटरखालून पाहिलं, तर माझ्या दारात हिरवी गाडी उभी.

काय सांगू तुम्हाला. जांभळाच्या पानासारखा गडद हिरवा रंग, आणि इतका नितळ की त्यात मला माझी पिठाने पांढरी झालेली वेणी दिसली. पुढे दोन गोल दिवे, मध्ये चकचकीत जाळी. चाकावरचे पत्रे पुढून उंच, मागे जाताना खाली उतरत गेलेले. लांबलचक बॉनेट आणि मागे जेमतेम दोघांना पुरेल एवढी जागा, म्हणजे सगळा थाट इंजिनाचा आणि माणसं आपली नावाला. मी हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं आणि पीठ होतं त्याचा चिखल झाला.

भाऊ गाडीतच बसून होता. म्हणाला, "म्हण आता."

"मिस्त्री," मी म्हटलं.

मग तो उतरला, आणि बाजूच्या सीटवरून त्याने एक पोतं उचललं. सरकीचं, चांगलं पन्नास किलोचं. मी म्हटलं, "इथे कुठे आमच्याकडे म्हैस आहे?" तो म्हणाला, "खायला नाही गं. वजनाला. एका बाजूला रिकामी चालवली की गाडी कशी जाते ते नीट समजत नाही. महिनाभर ह्यालाच बसवून फिरतोय." तोवर घरचेही बाहेर आले होते, आम्ही सगळे खो खो हसलो. पोतं गिरणीच्या कोपऱ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन वर यायच्या आत, आम्ही निघालो. बसताना माझी फजिती झाली. या गाडीत चढायचं नसतं, उतरायचं असतं. आधी पाय टाकावा की आधी बूड, हेच कळेना. दाराची कडी आपल्या अंदाजाच्या उलट्या बाजूला. गुडघा आपटला, कोपर आपटलं, गल्लीतल्या बायका बघत होत्या. शेवटी एकदाची आत गेले आणि बसले, तर सीट कशी. मऊ, पण खचणारी नाही. पाठीला नेमका आधार.

पारोळ्यापर्यंत मी नुसती ओरडत होते. आता रस्ता चौपदरी, ट्रक बाजूने जाताना त्यांची चाकं माझ्या कानाच्या उंचीला. पदर उडाला, केस सुटले, तोंड उघडलं की वारा आत. भाऊ गिअर बदलायचा तेव्हा बोटांनी दांडी नुसती हलवायचा, लोण्यात सुरी जावी तशी ती जायची. एक ट्रकवाला बराच वेळ शेजारून चालला आणि अंगठा दाखवून गेला. एरंडोलला चहाला थांबलो तर माणसं गोळा झाली. एकाने विचारलं, कितीला द्याल. भाऊ म्हणाला, बहिणीला न्यायला आणली आहे, विकायला नाही. मी अशी फुगले होते की विचारू नका. सगळ्यांना मी बॉनेटचा एक पंख उघडून आत दाखवत होते, जणू मीच खोललं होतं.

चहा पिताना मी म्हटलं, "भाऊ, ह्या सीटा कुणाकडून शिवून घेतल्या? जळगावचा माणूस दिसतोय."

"तुझ्या वहिनीने शिवल्यात."

"मशीनवर?"

"मशीनला जाड पडत होतं. दाभणाने, हाताने. पोती शिवतात तसं. आत कापूस आहे, तिने पिंजून थरावर थर लावले. तीनदा उसवलं. म्हणाली, लांबच्या प्रवासाला खड्डा पडेल."

पुन्हा निघालो. जळगाव येईस्तो मी एकेक विचारत गेले आणि एकेक उत्तर तेच. वरचं छत कोणी केलं? वहिनीने. रंग द्यायच्या आधी पत्रा कोणी घासला? दोघांनी, पण वहिनीने जास्त, भावाची बोटं दुखतात. स्टिअरिंगमागच्या घड्याळांच्या काचा, ते बारीक आकडे? वहिनीने, काडीला कापूस लावून. सुतार रुसून गेला होता त्याला परत कोणी आणलं? वहिनी खापरावरचे मांडे घेऊन त्याच्या घरी गेली होती.

जळगाव मागे पडलं. मी जरा गप्प झाले. मी गप्प झाले की भाऊ घाबरतो.

"काय झालं?"

"वहिनीला कशी वाटली गाडी? चालताना?"

"ती अजून बसली नाही."

"म्हणजे?"

"अगं, शब्द दिला होता ना. पहिली तू."

"आणि महिनाभर शेजारी काय होतं?"

"पोतं. सांगितलं की."

मला असा राग आला, की गाडीतून उतरून चालत जावं. भावाचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. अकरा वर्षांपूर्वी मी जीभ सैल सोडली, आणि या सरळ माणसाने माझ्या त्या एका वाक्यासाठी सरकीचं पोतं गाडीतून फिरवलं आणि बायकोला दारात उभी ठेवली. बरं, त्याचं चुकलं असंही त्याला वाटत नव्हतं. त्याने शब्द पाळला होता. तिनेही तो पाळला असणार, कारण ती तशीच आहे.

"पोतं चाललं, भाऊ? पोतं चाललं आणि ती नाही चालली?"

वाऱ्यात त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

नेरीच्या फाट्यावर, जिथून एक रस्ता जामनेरला वळतो आणि एक सरळ पहूरकडे जातो, तिथे मी म्हटलं, "थांबव." तो म्हणाला, "घर आलंच की आता." मी म्हटलं, "थांबव, नाहीतर मी चालत्या गाडीतून उतरते." चहाच्या टपरीसमोर त्याने गाडी घेतली. मी वहिनीला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, आहेस तशी नेरीच्या फाट्यावर ये.

ती रिक्षाने आली. कोपरापर्यंत पीठ, घरची साडी, चेहरा उतरलेला. ती मूळची दोंडाईचाची, चाळीस वर्षं जामनेरला राहून बोली तीच ठेवली आहे. आल्या आल्या माझ्याकडे पाहिलंच नाही, सरळ गाडीपाशी गेली आणि बॉनेटवर पालथा हात ठेवून पाहिला. "काय व्हयनं? गाडी बंद पडनी का?"

"गाडीला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "तू बस."

"मी?"

"अकरा वर्षं राबलीस आणि अजून बसली नाहीस. लाज मला वाटतेय. बस आधी."

तिने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लाजली. साठीची बाई, नवरीसारखी लाजली. हळूच म्हणाली, "मी बसेल शे तीमा. रोज दुपारले, ह्या निजतस तवय." मग पदराला हात पुसत म्हणाली, "पण उभी गाडीमा."

म्हणजे भाऊ दुपारी झोपला की ही रोज उभ्या गाडीत जाऊन बसत होती. भावाने मान खाली घातली आणि कारण नसताना आरसा पुसायला लागला.

वहिनीने उलट्या बाजूची कडी न पाहता उघडली. एक पाय, मग अंग, मग दुसरा पाय, कुठे आपटलं नाही, कुठे अडलं नाही. आपल्याच खाटेवर बसावं तशी ती बसली. पदर घट्ट खोचून तिने हात कुठे ठेवायचा तिथे बरोबर ठेवला. भावाने गाडी चालू केली आणि जामनेरकडे वळवायला लागला. तेव्हा ती म्हणाली, "घर ते रोजनंच शे. पहूरकडे चाला."

"आणि बाई?" भाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाला.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी म्हटलं. "जा."

ते गेले. वळणापर्यंत मला वहिनीचं पांढरं डोकं दिसत होतं, ताठ, एकदाही मागे न वळलेलं. मी तिच्याच रिक्षात पिशव्या टाकल्या आणि जामनेरला आले. दाराला कुलूप, किल्ली वहिनीच्या कमरेला. मी ओट्यावर बसले.

शेजारची काकू बाहेर आली. "बाई, आखाजीला माहेरी आली अन् दाराला कुलूप? मुराळी कुठे आहे तुझा?"

"वहिनीला घेऊन फिरायला गेलाय."

"तुला सोडून?"

"मीच पाठवलं."

तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि माझ्या शेजारी बसली. ऊन चांगलंच तापलं होतं. पाऊण तास गेला असेल, तोच आवाज कानावर आला, भरला, एकसारखा. काकू उठून उभी राहिली. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज हळू झाला, जरा घुटमळला, आणि मग गिअर पडला आणि आवाज पुढे निघून गेला.

"अगं, ते तर पुढे गेले," काकू म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हटलं.