धुराची मोटार आणि तांब्याभर पाणी

परवा शेजाऱ्यांनी जुनी मोटार चालू केली आणि अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा वास खिडकीतून आत आला, तशी मला दुष्काळातली एक सकाळ आठवली. मराठवाड्यातल्या आमच्या वाशी गावाहून धाराशिवला शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं आणि एसटी चुकली होती. ह्यांनी, म्हणजे सहकारी साखर कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या नवऱ्यानं, हैदराबादहून भंगारात आणून दुरुस्त केलेली दोन माणसांची विलायती शर्यतीची मोटार बाहेर काढली. तिच्या तळाला भोक होतं, त्यातून इंजिनाचा धूर आत यायचा. काच खाली केली की धूळ यायची, वर केली की धूर कोंडायचा. शेवटी मला श्वास घेता येईना, म्हणून ह्यांनी गाडी थांबवली. तिथं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका मोटार पाहून घाईनं रांगेत उभ्या राहिल्या. “उठा गं, साहेब आलं!” मी खोकत उतरले. माझ्या तोंडावरची काजळी पाहून एकजण म्हणाली, “साहेब लई काळा हाय की!” सगळ्या खदखदून हसल्या, हे तर पोट धरून रस्त्यातच बसले. मुलाखतीचं कळताच एका म्हातारीनं घागरीतलं पाणी तांब्यात ओतलं. मी नको म्हणाले. “पाणी सांजच्याला बी मिळंल. बोलावणं परत येतंय व्हय? धू तोंड.” मी धुतलं. मग बायकांनीच मोटार ढकलून चालू करून दिली. नोकरी मिळाली, तीस वर्षं केली. ह्यांना जाऊन आता चार महिने झाले. डोळ्यांसमोर सारखा त्यांचा आजारपणातला चेहरा यायचा. परवा मात्र दिवसभर ते रस्त्यात बसून हसतानाच दिसत राहिले.